फ्लॅश न मारता, हातांसकट

—अहो उठू नका, उठू नका! बसलात ते बरंच झालं की. बाक माझाच आहे, दुकानाचा, गिऱ्हाइकांसाठी ठेवलाय, पण तुम्ही गिऱ्हाईक नसलात तरी चालेल — उलट नसलात तर जास्त बरं, गिऱ्हाइकाला असलं काम सांगता येत नाही. फक्त जरा डावीकडे सरका. तुमच्या डावीकडे हो, माझ्या नाही. हां. आणखी थोडं. बास! आता तिथंच. हलायचं नाही आणि बोलायचं नाही, एवढंच काम आहे तुमचं, सोपं आहे. काय? दुकानाबद्दल विचारायचंय? अहो नंतर विचारा, दुकान कुठं पळून चाललंय — म्हणजे उद्या सकाळी जाईल बहुतेक, पण आत्ता नाही. आत्ता उजेड चाललाय, तो आधी धरू दे मला. आणि ती खांद्यावरची दोरी बाजूला ठेवा बघू. कशाला हिंडता दोरी घेऊन, काय की — असो, मला काय करायचंय. बाकाखाली सरकवा. फोटोत दोरी आली तर वहिनी शंभर प्रश्न विचारेल.

आकाश बघा — मान वर करू नका! नुसते डोळे वर करा. माळा लागल्यात आणि आकाश अजून काळं पडलेलं नाही, शाईसारखं निळं आहे, दिसतंय ना? रोषणाईचा फोटो काढायची वेळ ती हीच. लोक काय करतात, जेवणबिवण उरकून, हात पुसत पुसत निवांत बाहेर येतात, तोवर वर सगळं ठार काळं, आणि मग फोटोत काय येतं, तर काळ्या फडक्यावर साखर सांडल्यासारखं. घर नाही, गच्ची नाही, झाड नाही. आणि वर फ्लॅश मारतात! अहो, फ्लॅशचा उजेड पोचतो कुठवर? इथून तुमच्या गुडघ्यापर्यंत. पुढं सगळा अंधार, आणि जवळ जे काही असेल ते पांढरंफटक. गेल्या सणाला समोरच्या बंगल्याला मी स्वतः माळा लावल्या, अशा लावल्या की जाणारी-येणारी माणसं थांबून बघायची, आणि मालकीणबाईंनी फ्लॅश मारून फोटो काढला. त्यात आलं काय? पावसाच्या पाण्याचा पाइप आणि मांजर. मांजराचे डोळे मात्र लखलखीत. तो फोटो मला दाखवून म्हणतात, अहो, तुमच्या माळा पेटल्याच नाहीत की. मी म्हटलं, माळा पेटल्यात, तुमचं डोकं पेटत नाहीये. म्हणजे मनात म्हटलं. तेव्हापासून मी माळांबरोबर फोटोही काढून देते. फुकट. माळा भाड्यानं देणं, लावणं, उतरवणं, दुरुस्ती — वर पाटी आहे बघा, नको, बघू नका. गल्लीत मला बल्बताई म्हणतात. तोंडावर बल्बताई म्हणतात, मागून काय म्हणतात ते मी विचारायला जात नाही.

तर आता फोन ठेवते. हातात धरून उपयोग नाही, हात कितीही घट्ट धरा, हलतोच. स्टुलावर ही डाळीची पिशवी, पिशवीत असा खड्डा करायचा, त्यात फोन आडवा बसवायचा. बघा, कसा गादीवर टेकून बसल्यासारखा बसला. आणि आधी काच पुसायची — ही सगळ्यात मोठी गोष्ट, आणि कोणी करत नाही. कानाला फोन लावून लावून त्या बारक्या काचेवर तेलाचा थर असतो, आणि मग फोटोत प्रत्येक दिव्याला दाढी येते. चष्म्याच्या फडक्यानं पुसायची. पुसली. आता बोटानं सगळ्यात लख्ख दिव्यावर टेकायचं, आणि बाजूला तो छोटासा सूर्य दिसतो ना, तो खाली ओढायचा, म्हणजे दिवे फुटत नाहीत, गोल-गोल राहतात. हां, आणि माळा पळत्या आहेत, त्या थांबवते. हा डबा दिसतो ना, ह्याच्यावर बटण आहे, दाबलं की — हे बघा, थांबल्या. पळत्या माळेचा फोटो अर्धाच येतो, निम्मे दिवे विझलेलेच पकडले जातात. आता बटणाला बोट लावलं तरी फोन हलणार, म्हणून त्याला सांगायचं, तू तुझं तूच काढ. त्याला ते येतं. मग तो लुकलुकतो, आणि मग काही क्षण उजेड पीत बसतो. तेवढा वेळ तुम्ही श्वाससुद्धा — बरं, श्वास घ्या. पण बेतानं.

तोंड असं का केलंत? घाबरू नका, तुमचा चेहरा येणार नाही. अजिबात नाही. मागं एवढ्या माळा, पुढं तुम्ही — नुसती काळी आकृती येणार. एक पुरुष माणूस बाकावर बसलाय, एवढंच. तेवढंच पाहिजे. कोणता पुरुष ते कळता कामा नये — अगं बाई. नाही, तसलं काही नाही हो! उठू नका! सांगते. आता निम्मं तोंडातून गेलंच आहे तर सगळं सांगते, नाहीतर तुम्हाला वाटायचं बाई भलतीच आहे.

माझा दादा आहे. थोरला भाऊ. पलीकडच्या गावात रंगांचं दुकान आहे त्याचं, मोठं, डब्यांवर डबे. माणूस सोन्यासारखा, फक्त एकदा डोक्यात काही शिरलं की निघत नाही. महिन्यापूर्वी मी ह्याच स्टुलावरून पडले. पाय मुरगळला, बाकी काही नाही, पण शिंपीकाकांनी — ते समोर, शटर अर्धं ओढलेलं आहे ना, ते — त्यांनी घाबरून दादाला फोन केला, आणि दादा असा आला जसं काही मला पोचवायलाच आला. आणि तेव्हापासून एकच धोशा. एकटी बाई, वय झालं — अहो बावन्न म्हणजे काय वय झालं? — एकटी बाई, रात्री-अपरात्री पडलीस तर उचलणार कोण? दुकान बंद कर, आमच्याकडे चल. आता ही जागा बाबांची. बाबांच्या मागं दोघांच्या नावावर, निम्मी त्याची, निम्मी माझी. त्यामुळं त्याचं म्हणणं नुसतं म्हणणं राहत नाही. त्यानं गिऱ्हाईकही बघून ठेवलंय जागेला, काचेची भांडी विकणारा कोणीतरी. आणि मी — आता बघा, माझंही तोंड ना — तो फोनवर पुन्हा म्हणाला, तुला आहे कोण तिथं? तर मी म्हटलं, आहे की एक जण.

कोण, म्हणाला. आहे, म्हटलं. कोण आहे? आहेत एक. आता एकदा 'एक' म्हटल्यावर मागं कसं घेणार? करतात काय? स्वतःचं आहे काहीतरी, म्हटलं. स्वभाव? अबोल आहेत, म्हटलं — ते बरं सुचलं मला, म्हणजे फोनवर द्या म्हणायला नको. दादा 'बरं' म्हणाला. मला वाटलं, सुटले. कसली सुटते! फोनवर वहिनी आली. आणि वहिनीला सगळ्यात आधी पाहिजे फोटो.

हां, थांबा, आता काढते. हलू नका. तयार? लुकलुकतोय... लुकलुकतोय... पितोय... पितोय... झालं! बघू. आई गं. अहो, हे काय केलंत! मान वळवलीत ना कोपऱ्याकडे? हे बघा — दोन डोकी आलीत. एक इकडं बघतंय, एक तिकडं. दादाला काय सांगू, एक मागितला होता, दोन मिळाले? त्या कोपऱ्यात आहे काय एवढं? टेम्पो? हो, तो टेम्पो मघापासून मलाही खुपतोय. कोणी आणून लावलाय कोण जाणे, अगदी रस्त्यात अर्धा घुसवून. त्याच्या काचेत माझी सगळी माळ उलटी दिसतेय. माणसांना अक्कल नाही. बरं, हात कशाला वर करताय? शाळेत आहात का? खाली. बोलायचंय ते मागाहून, तुमच्या ओठांचा भुगा येतो फोटोत.

तुम्हाला म्हणून सांगते, ह्याच्या आधी, कालच, मी एक फोटो पाठवलाय. तुमच्या आधी तिथं दुसरं कोणीतरी बसलेलं होतं. शिंपीकाकांना विचारलं होतं मी, काका, जरा बसता का बाकावर? काका बसलेही असते, पण काकू आतून शिवणयंत्र थांबवून बाहेर आल्या. नुसत्या आल्या, हातात कात्री होती. काका म्हणाले, मी नको, माझा पुतळा घेऊन जा. तो कोट घालून ठेवतात ना दुकानात, लाकडी, तो. त्याला डोकं नाही. मी म्हटलं, डोक्याचं बघू. आणला, बसवला — तो बसतही नाही, त्याला पायच नाहीत, मग बाकावर उभा केला आणि मागून विटा लावल्या — वर स्टीलचं पातेलं पालथं घातलं, पातेल्यावर काकांची टोपी. अंधूक उजेडात, फ्लॅश न मारता, अहो, देखणा आला! मला स्वतःला वाटलं, कोण बरं हे? पाठवला. वहिनीचं लगेच उत्तर. म्हणते, गृहस्थ बरे दिसतात, पण यांना हात नाहीत का गं?

आता काय सांगायचं? मी म्हटलं, थंडी आहे, कोटाच्या आत घेतलेत. दोन्ही? म्हणते. म्हटलं, दोन्ही. मग आज सकाळी दादाचा फोन. दादा ओरडत नाही, दादा हळू बोलतो, ते जास्त वाईट. म्हणाला, माझी बहीण आहेस, लहानपणापासून बघतोय तुला, मला फसवू नकोस. आज अंधार पडायच्या आत मला त्या माणसाचा फोटो पाहिजे, हातांसकट. नाहीतर उद्या सकाळी टेम्पो येईल, सामान भर आणि ये. म्हणून म्हणते, तुमचे हात — हात कुठं आहेत तुमचे? मांडीखाली घालून काय बसलात! वर काढा, गुडघ्यांवर ठेवा, बोटं मोकळी करा, दहाच्या दहा दिसली पाहिजेत. वहिनी मोजणार.

बरं. दुसरा. आता फक्त समोर बघा. माझ्याकडे बघा. रागानं नको, घरी बसल्यासारखं बघा. संध्याकाळचे दुकानाबाहेर बसलात, दिवसभर काम केलंत, आत मी काहीतरी खुडबुड करतेय, आणि तुम्हाला बरं वाटतंय. हां, असं. कोणी विचारलं तर सांगता आलं पाहिजे ना मला, कसे आहेत ते. लुकलुकतोय... गप्प बसा आता... पितोय... अरे, अरे, अरे, तो स्कूटरवाला! गेला! पोटातून गेला तुमच्या! बघा हे, लाल रेघ, ह्या बरगडीतून शिरली आणि त्या बरगडीतून बाहेर. नाही, चालणार नाही. दादा म्हणेल, पोटाचं काय झालं. आकाश बघा, निळं संपत आलं. आणखी एकच जमेल.

तुम्हाला काय वाटतं, मला हे सगळं करायची हौस आहे? अहो, खोटं बोलायला मला येत नाही, बघताय ना, एक बोलले तर पातेलं आणि विटा लागल्या. पण मी तिकडं जाऊन करू काय? दादाचं घर मोठं आहे, वहिनी चांगली आहे, भाचे-भाच्या जीव लावतात, सगळं खरं. त्यांनी माझ्यासाठी खोलीही काढली. खोलीत पलंग आहे, पडदे आहेत, देवासारखी शांतता आहे. मागच्या वेळी चार दिवस राहिले, तर जिन्यातला दिवा गेला होता, मी स्टूल घेतलं, तर तिघं धावत आली. आत्या उतर, आत्या पडशील. एक बल्ब बदलू दिला नाही हो मला! माणूस बोलावला. तो येईपर्यंत मी हात मांडीवर ठेवून बसले, तुम्ही आत्ता बसलात तशी. मग माणूस आला आणि त्यानं बल्ब उलटा फिरवला, आणि मी काही बोलले नाही. त्या दिवशी मला कळलं, की इथं राहिले तर मी अशी कायमची न बोलणारी होईन. आणि मी न बोलणारी म्हणजे — तुम्हीच सांगा. नको, सांगू नका.

इथं काय, तर मागं एक खोली, एक शेगडी, आणि पुढं हे दुकान. पण संध्याकाळी हा डबा चालू केला की गल्लीतल्या सगळ्या माळा माझ्या. माझ्या म्हणजे भाड्यानं दिलेल्या, पण कोणती गाठ कुठं मारली ते मला माहीत. लोक बाहेर येऊन बघतात. मी आत बसून लोकांना बघते. मला एकटं वाटत नाही. खरं सांगते, कधीकधी वाटतं. आजारी पडले की वाटतं, आणि काही छान झालं की सांगायला कोणी नसतं तेव्हा वाटतं. पण ते दादाच्या घरात बसूनही वाटलंच होतं की, भरल्या घरात. मग इथं वाटलेलं काय वाईट? इथं निदान बल्ब तरी बदलता येतो.

असो. तिसरा. रस्ता बघते मी, कोणी येत नाही ना. नाही. आता देवाशपथ हलू नका. अहो, परत तोंड उघडलंत? एकच शब्द? एकही नको! तुम्हाला किती बोलायचं असतं हो, अबोल माणूस म्हणून बसवलंय मी तुम्हाला! आणि खिशातला तो फोन काढून मला काय दाखवताय, तुमचा फोन उजेड पाडतोय तोंडावर, ठेवा आत. लुकलुकतोय... हात... हात दिसू देत... पितोय... पी बाबा, पी... झालं.

आहा. आहाहा. अहो, काय आलाय! एक दिवा फुटला नाही. बघा, प्रत्येक बल्ब सुटा, मागं आकाशाला निळा काठ, पाटीवरची अक्षरं वाचता येतायत, बाकाची फळी न फळी दिसतेय, आणि हात — दोन्ही हात, दहाही बोटं, अंगठीसुद्धा. अंगठी बरी आहे, शोभते. असा फोटो मी आजवर काढला नव्हता. आणि चेहरा — अरेच्चा. चेहरा आला की हो! स्वच्छ आला. नाक, भुवया, गालावरचा तीळ. काळी आकृती येणार म्हटलं होतं मी. माळा मागंच नाहीत फक्त, तुमच्या डोक्यावरही टांगल्यात ना, त्यांचा उजेड खाली पडला, आणि फोन इतका वेळ पीत बसला — आता काय करायचं? पण अंधार पडलाच. आणि तुम्ही काही वाईट दिसत नाही. उलट चांगलेच दिसता, हसताय थोडेसे, कशाला हसलात ते देव जाणे. दादा काही तुम्हाला ओळखत नाही. कुठला ओळखतोय! पाठवते. पाठवला. गेला. हुश्श.

आता बोला. काय मघापासून बोलायचं — थांबा, थांबा, दादाचाच फोन. बघा, किती लगेच! गप्प राहा हं, तुम्ही अबोल आहात. हॅलो दादा! हो, मिळाला ना? हो, हेच ते. हातांसकट. बघितलंस ना, किती — काय? हसतोयस का? दादा, हसण्यासारखं काय आहे त्यात? नाही. नाव... नाव सांगते मागाहून. काय? तुला माहीत आहे? तुला कसं माहीत असेल नाव — कोण? कुणाचा? तुझ्या दुकानाचे रंगाचे डबे हेच वाहतात — गेली किती वर्षं? आज दुपारी तूच पाठवलास? सामान बघून ये म्हणून? किती फेऱ्या लागतील ते बघायला?

एक मिनिट धर हं दादा.

अहो. तो कोपऱ्यावरचा टेम्पो. तुमचा? मग सांगितलं का नाहीत! असं काय बघताय? हो, मान्य आहे, मीच बोलू दिलं नाही, पण माणसानं जरा जोर करून बोलावं की! ओरडावं! इतकं काय मेलं ऐकायचं एखाद्याचं! मी तुम्हाला सगळं सांगत बसले, पातेल्यापासून, आणि तुम्ही माझं कपाट डोळ्यांनी मोजत बसलात. आणि हसलात वर. वहिनी तिकडं जमिनीवर बसून हसतेय म्हणे. ऐकू येतंय मला.

हॅलो. हो, आहे मी. ऐकते. नाही, रडत नाहीये. दादा, तू आधी हसून घे, मी थांबते. झालं? मग आता माझं ऐक. कोणी नाही. एक जण नाही, अर्धा जण नाही, पहिला तर पुतळा होता शिंपीकाकांचा, म्हणून हात नव्हते. एकटी आहे मी. आधीही होते, उद्याही असणार. मी खोटं बोलले, कारण तुला 'येत नाही' एवढंच म्हटलं तर तू ऐकत नाहीस. तुला वाटतं त्याला काहीतरी कारण पाहिजे, कोणीतरी माणूस पाहिजे, त्याचे दोन हात पाहिजेत, तेव्हा माझं इथं राहणं खरं. नाही रे दादा. मी येत नाही, कारण मला यायचं नाही. बास, एवढंच आहे. नाही, चिडलेले नाही. पडले तर पडेन. शिंपीकाका आहेत, काकू आहेत कात्रीसकट, उचलतील. आणि नाही उचललं तर पडून राहीन, पण माझ्या दुकानात पडून राहीन. जागा? जागेचं काय? निम्मी तुझी आहे, नाही कोण म्हणतंय? टेम्पो उभाच आहे बाहेर. तुझी निम्मी त्यात मावत असेल तर भरून ने. माझी निम्मी मी देत नाही.

दादा?

ठेवला. सरळ ठेवून दिला.  आयुष्यात दादाला असं बोलले नाही मी. बाबा गेल्यावर ह्यानंच शिकवलं, ह्यानंच पहिली माळ आणून दिली, खोटं कशाला बोलू. आता येईल रागानं, नाहीतर येणारच नाही कधी. दोन्हीची भीती वाटते. पाणी? नको, बसा तुम्ही. नाही, मी बसते, तुम्ही सरका.

तुमचा फोन वाजतोय. घ्या की. कोणाचा? दादाचा? मला ठेवून तुम्हाला लावला? घ्या, घ्या ना! मान काय डोलावताय, बोला काहीतरी, हो-हो काय, नुसतं हो-हो — काय म्हणतोय? विचारा त्याला, उद्या — ठेवला? इतक्यात? काय म्हणाला? अहो सांगा ना, आता का तोंड शिवलंय! रिकामा? रिकामाच ये म्हणाला? नक्की? तेच शब्द? आणि? आणि काय... नवं स्टूल? रुंद पायांचं, दुकानातून उद्या घेऊन जा म्हणाला? माझ्यासाठी?

नाही, काही नाही झालं, डोळ्यात कचरा गेलाय. इतके दिवे बघून जातोच. निघा आता तुम्ही. अहो निघा म्हणते ना, उशीर होतोय तुम्हाला. फोटो पाठवते हो तुमचाही, घरी दाखवा. सगळं नका सांगू. आणि टेम्पो सावकाश मागं घ्या, त्या कोपऱ्यावरची माळ खाली आलीय, तोडलीत तर भरपाई घेईन. जा.